हेडमास्तरांची तिसरी हाक

१२ जून

ताईस,

रागासह नमस्कार.

राग गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पाकिटावरचं अक्षर बघूनच तू आईला फोन करशील, धाकट्याची अक्कल ठिकाणावर आली म्हणून. आलेली नाही. तुला पत्र लिहायचं नाही अशी मी शपथ घेतली होती आणि इतकी वर्षं ती इमानाने पाळली. पण गेल्या आठवड्यात असं काही पाहिलंय की कोणाला तरी सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं बरं, जेवतोस ना वेळेवर?" मित्रांना सांगितलं, त्यांनी पगार विचारला. उरलीस तू.

तर ऐक. मला नोकरी लागली आहे. सरड्यांकडे!

हसून झालं असेल तर पुढे वाच. भिंतीवर बसून मान हलवतो तो साधा सरडा नव्हे, शॅमेलिऑन. अगं, काय प्राणी आहे! एक डोळा माझ्याकडे, दुसरा नाकतोड्याकडे, आणि दोन्ही डोळ्यांत सारखीच तुच्छता. चालतो तर असा, की प्रत्येक पाऊल टाकण्याआधी घरात विचारून येतो असं वाटावं. जीभ मात्र अंगापेक्षा लांब. मोठी प्रयोगशाळा आहे, प्रत्येकाला स्वतंत्र पेटी, आत फांद्या, वर दिवा. सकाळी पेट्या पुसायच्या, पानांवर पाणी फवारायचं, नाकतोडे घालायचे आणि मग प्रयोगाला बसायचं. पदवीच्या कागदाला पहिल्यांदाच किंमत आली.

इथल्या मॅडम म्हणजे तुझीच दुसरी आवृत्ती. चष्म्यावरून बघतात आणि समोरच्याचं वाक्य संपू देत नाहीत. पहिल्याच दिवशी मला विचारलं, "सरडा रंग का बदलतो?" मी ऐटीत म्हणालो, "लपायला. पानावर हिरवा, फांदीवर तपकिरी." मॅडमनी सगळ्यात मोठा नर बाहेर काढला. त्याचं नाव हेडमास्तर, कारण तो सतत कोणीतरी गृहपाठ केला नाही अशा चेहऱ्याने बसलेला असतो. त्याला आधी एका टॉवेलवर ठेवलं, मग दुसऱ्या रंगाच्या टॉवेलवर, मग चौकटीच्या टेबलक्लॉथवर. हेडमास्तर ढिम्म. जसे होते तसेच. "चौकटी उमटल्या का?" मॅडम म्हणाल्या. "लपण्यापुरता त्याचा शांत असतानाचा रंग पुरतो. गार वाटलं तर तो ऊन शोषायला गडद होतो, हे खरं. पण असा झपाट्याने रंग बदलतो तो दुसऱ्याला दाखवायला, आपल्या आत काय चाललंय ते."

मग त्यांनी त्याला परत पेटीत ठेवलं आणि शेजारच्या पेटीच्या मधली फळी उचलली. पलीकडे दुसरा नर. आणि ताई! हेडमास्तर फुगले, बाजूने चपटे झाले, आणि बघता बघता अंगभर असे पेटले, असे पेटले, की मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. सगळे ओरडले, "लाल झाला!"

आता तुला आठवेल, तू त्या डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलीस तेव्हा मी तुला काय म्हणालो होतो. भर रस्त्यात. सरडा म्हणालो होतो, घरात एक रंग आणि बाहेर एक. शास्त्राच्या दृष्टीने ती शिवी साफ चुकली, असं आता लक्षात आलंय. सरडा खोटं बोलतच नाही. आत जे आहे ते अंगावर घेऊन बसतो, बिचाऱ्याला लपवताच येत नाही. शिवी मागे घेत नाहीये. फक्त दुरुस्त करतोय. दुसरा प्राणी सापडला की कळवीन.

आणि हो. माझ्या डोळ्यांचं इथे कोणालाही माहीत नाही. अर्जात 'दृष्टी' असं लिहिलं होतं, तिथे मी 'उत्तम' भरलं. लांबचं मला उत्तम दिसतंच की. तू मध्ये पडू नकोस.

तुझा,
ठोंब्या

३० जून

ताईस,

किंचित कमी रागासह नमस्कार.

तुझं उत्तर नाही, तरी लिहितोय, कारण आज मला कळलं की हिरवा रंग नसतोच! थांब, नीट सांगतो.

मला वाटायचं, सरड्याच्या कातडीत रंगांच्या डब्या असतील. हिरवी उघडली की हिरवा, लाल उघडली की लाल. मॅडमनी आज जेवणाच्या सुट्टीत टेबलावर शर्टाची बटणं ओतली आणि ओळीत मांडली. म्हणाल्या, कातडीत अशा पेशी आहेत, त्यांच्यात इवले इवले स्फटिक, असे रांगेने बसलेले. शांत असला की ते एकमेकांना चिकटून बसतात. अशा दाट रांगेवरून निळा उजेड परत फिरतो. त्याच्यावर कातडीचा पिवळा थर आहे. निळा उजेड पिवळ्यातून बाहेर आला की आपल्याला काय दिसतं? हिरवा. म्हणजे हेडमास्तर हिरवे दिसतात, पण त्यांच्या अंगात हिरवा रंग औषधालाही नाही. आणि ते तापले की पेशी ताणतात, स्फटिक सरकून लांब लांब बसतात. मॅडमनी बोटाने बटणं पसरली. "आता निळ्याऐवजी पिवळा परत फिरतो, आणखी पसरले की नारिंगी, लाल. रंग ओतलेला नाही. फक्त अंतर बदललंय."

मी मनात म्हटलं, अरे वा. हिरवा त्यांच्या अंगात नाही आणि माझ्या डोळ्यांत नाही. जमलं आमचं!

खरं सांगू? त्या एका वाक्याने मला इतका आनंद झाला की मी उठून सगळ्यांचे कप विसळले.

तू विचारणार, हे सगळं ठीक आहे, पण तू दिवसभर करतोस काय तिथे. सांगतो. समोरासमोरच्या पेट्यांमधली फळी उचलायची, दोन नर एकमेकांना बघतात, फुगतात, पेटतात. मारामारी होऊ देत नाही आम्ही. थोड्या वेळाने एकजण हरतो. हरतो म्हणजे अंग गडद करून तोंड फिरवतो. 'बाबा रे, तू मोठा' असं सांगतो आणि बाजूला होतो. की फळी खाली. त्या सगळ्याची फिल्म निघते. आणि फळी उचलल्यापासून प्रत्येकाचा रंग कसकसा बदलला, हे रंगांच्या कार्डाशी लावून बघायचं असतं. कार्डावर छोटे छोटे रंगीत चौकोन आणि त्यांना क्रमांक. मॅडमचा प्रश्न असा, की कोण हरणार हे रंगावरून आधी ओळखता येईल का.

हो, हो. कार्ड माझ्याकडे आहे. ओरडू नकोस.

माझ्याबरोबर एक मुलगी आहे. मी तिला चष्मिष म्हणतो आणि ती मला नाकतोड्या म्हणते. हा अभ्यास तिच्या पीएचडीचा आहे. मी कार्ड धरतो आणि म्हणतो, "तुला कितवा वाटतोय?" ती क्रमांक सांगते. मी जरा वेळ डोळे बारीक करून बघतो आणि म्हणतो, "हं, मलाही तोच." तिला वाटतं मी फार काळजीपूर्वक काम करणारा आहे. शाळेत चित्रकलेच्या तासाला तू माझ्या खडूंना खाचा पाडून द्यायचीस ना, एक खाच लाल, दोन खाचा हिरवा? तशी ही माझी खाच आहे.

हेडमास्तरांना मी बघतो तेव्हा मला काय दिसतं, सांगू? शांत असताना मळकट पिवळे. तापले की मळकट पिवळेच, पण आतून कोणीतरी दिवा लावल्यासारखे. लाल मला तुझ्याच हिशेबाने माहीत आहे. तू मला शिकवलं होतंस, हिरवा म्हणजे आईची पहिली हाक, "बाळा, जेवायला ये रे", जिला आपण 'हं' म्हणतो आणि खेळत राहतो. नारिंगी म्हणजे दुसरी, पूर्ण नाव घेऊन मारलेली. आणि लाल म्हणजे तिसरी, जी ऐकल्यावर चप्पल न घालताच पळत सुटायचं. सगळे 'लाल झाला' ओरडले तेव्हा मला खोलीत आईचा आवाज आला, देवाशप्पथ.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

ठोंब्या

१८ जुलै

ताईस,

वाढीव रागासह नमस्कार.

चार ओळी! इतक्या वर्षांनी चार ओळी, आणि त्यांतल्या दोन माझ्या अक्षराविषयी. तिसरी, भाऊजी मजेत. आणि चौथी, "मॅडमना सांगून टाक."

तुला हे 'सांगून टाक'चं वेड कुठून लागलं गं? तेव्हाही तेच. मी आगगाडीचा चालक होण्यासाठी किती खपलो होतो, तुला माहीत होतं. लहानपणापासून इंजिनाशिवाय दुसरं काही काढलं नाही मी. ती ठिपक्यांच्या चित्रांची परीक्षा, ज्यात ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा, तिचं आख्खं पुस्तक पाठ केलं. पानाच्या कोपऱ्यावरची घडी बघून आकडा सांगत होतो. डॉक्टर खूश. शिक्का हातात घेतलेला. आणि सोबत आलेली माझी सख्खी बहीण म्हणते, "डॉक्टर, ह्याला लाल-हिरवा कळत नाही. ह्याने पुस्तक पाठ केलंय." मला सांगायचं तरी होतंस आधी! बसून बोललो असतो.

सिग्नलचं काय झालं असतं ते मला माहीत आहे. ते पुन्हा लिहून पाठवू नकोस. इथे सिग्नल नाही, गाडी नाही, मागे बसलेले शेकडो लोक नाहीत. इथे सरडे आहेत. कोणाचं काय बिघडतंय?

राग बाजूला ठेवतो, कारण मूळ बातमी राहिली.

मी जिंकतोय! आमच्याकडे पैज असते. फळी उचलली की लगेच सांगायचं कोण हरणार, आणि ज्याचा अंदाज चुकेल त्याने नाकतोड्यांच्या पेट्या धुवायच्या. त्या वासाविषयी तुला लिहीत नाही, तू जेवायला बसली असशील. तर महिना होत आला, मी त्या पेट्यांना जवळपास हात लावलेला नाही. सुरुवातीला वाटलं नशीब आहे. चष्मिष म्हणाली, मी सरड्यांना काहीतरी खायला घालतो. मग माझ्याच लक्षात आलं, मी काय बघतो ते.

बाकीचे बघत असतात कोण जास्त लाल. रंगात रमतात. मला ते दिसतच नाही, म्हणून मी दुसरंच बघतो. डोकं. कोणाचं डोकं किती झटकन उजळतं. काल जावईबापूंची गाठ हेडमास्तरांशी होती. जावईबापू हा नवा नर, सासुरवाडीला आल्यासारखा सदा नटलेला. सगळे म्हणाले, काय भडक झालाय बघा, हाच जिंकणार. मला दिसलं, की जावईबापू अंगभर उजळलाय, पण डोकं रेंगाळतंय. आणि हेडमास्तरांचं डोकं बटण दाबल्यासारखं लागलं. मी म्हणालो, जावईबापू तोंड फिरवणार. आणि फिरवलं! गडद होऊन असा मागे सरकला की मला त्याचीच दया आली. मी टाळ्या वाजवल्या, मॅडम ओरडल्या, "फिल्म चालू आहे!"

नंतर मॅडमनी मला खोलीत बोलावलं. "तू काय बघतोस?" मी म्हणालो, "अंदाज." त्या म्हणाल्या, "इतका चांगला अंदाज नसतो. नीट विचार करून सांग. ह्यातून काही निघालं तर तुला पुढच्या वर्षी कायम घेते, तुझा स्वतःचा अभ्यास घे."

ताई, माझा स्वतःचा! मला झोप नाही. आणि सांगायचं कसं? 'डोक्याची चमक बघतो' म्हटलं की त्या म्हणणार, रंग सोडून चमक कशी दिसते तुला? आम्हाला तर आधी रंग दिसतो. की झालं. पुढचा प्रश्न काय येणार ते तुलाही माहीत आहे आणि मलाही.

चौथ्या ओळीविषयी पुन्हा काही लिहू नकोस.

ठोंब्या

२ ऑगस्ट

ताई,

आज नमस्कार वगैरे राहू दे. घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

चष्मिष तीन-चार दिवस तापाने घरी होती. मॅडम म्हणाल्या, प्रयोग थांबवायला नको, कार्ड तू एकटा बघ. मी एकटा बसलो. काय करणार होतो? मला जो चौकोन सरड्याइतका उजळ वाटला, त्याचा क्रमांक घातला. डोळे बारीक केले, पुढे वाकलो, मान तिरकी केली, सगळं केलं. कार्ड काही बोलेना.

आज मॅडम फिल्म बघायला बसल्या. मी मागे पेट्या पुसत होतो. पडद्यावर हेडमास्तर पेटलेले, आणि त्यांच्या नावापुढे क्रमांक लागलेला, म्हणे, कोवळ्या हिरव्याचा! त्याच्यापुढचाही तसाच. जावईबापू गर्द हिरवा आणि क्रमांक विटकरी लालचा. मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं आता माझ्याकडे वळतील. त्या वळल्या चष्मिषकडे. ती आजच परत आली होती, स्वेटर घालून बसली होती.

"हा अभ्यास कोणाचा आहे?" मॅडम म्हणाल्या. "कार्ड कोणाला कसं वापरायचं हे शिकवायचं काम कोणाचं होतं? ह्यावर तू पीएचडी घेणार?"

आणि ती म्हणाली, "माझं, मॅडम. मी नीट शिकवलं नसेल." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला वाटलं, मी नवा आहे, मला वाचवायला पाहिजे. मॅडम म्हणाल्या, ह्या महिन्याच्या अखेरीला तिचं काम समितीपुढे जायचं आहे, ते आता थांबवावं लागेल. तिने मान हलवली आणि बाहेर जाऊन नाकतोड्यांच्या पेट्या धुवायला लागली. पैज हरली नव्हती तरी.

मी फडकं घेऊन उभा.

तू त्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलाशी उभी होतीस तेव्हा तुझे कान तापले होते का गं? माझे आता तापलेत. मला नेहमी वाटायचं तू ते सहज बोलून गेलीस. तुला सगळं सोपंच असतं असं वाटायचं.

पुढचं लिहीत नाही. उद्या सकाळी मॅडम आल्या आल्या सांगतो. आज तुझं नाव मनात दोनदा घेतलं, रागाने नाही. हे पत्र वाटेत असेल तोवर मला बहुतेक हाकललेलं असेल, तेव्हा आईला आधीच काही सांगू नकोस.

ठोंब्या

६ ऑगस्ट

ताईस,

नुसता नमस्कार.

बस आधी. पाणी पी. बसलीस? तर ऐक!

मी सांगितलं. मॅडमनी पर्ससुद्धा ठेवली नव्हती. चष्मिषही तिथेच होती. मी म्हणालो, "मॅडम, चूक हिची नाही. मला लाल-हिरवा कळत नाही. जन्मापासून. कार्डावरचे क्रमांक आजवर ही सांगत होती, मी नुसता मान डोलवत होतो." एका दमात.

मॅडम अशा संतापल्या, अशा संतापल्या, की विचारू नकोस. आवाज चढवला नाही, हेच वाईट. "रंगाच्या अभ्यासाला येताना हे लपवलंस? तू आल्यापासूनच्या सगळ्या नोंदी आता पुन्हा करायच्या. फिल्म आहेत म्हणून वाचलो, नाहीतर एवढं काम पाण्यात गेलं होतं." मी म्हणालो, "हो." "हिने तुझ्यासाठी बोलणी खाल्ली आणि तू फडकं धरून उभा होतास?" मी म्हणालो, "हो." आणखी काय म्हणणार? चष्मिष माझ्याकडे बघत होती. मग अचानक म्हणाली, "पण मॅडम, मग हा पैजा कशा जिंकतो?"



मॅडम सावकाश खाली बसल्या. "काय बघतोस तू?" ह्या वेळी मी अंदाज म्हणालो नाही. सांगितलं सगळं. मळकट पिवळा, आतला दिवा, डोकं किती झटकन उजळतं ते. त्या ऐकत राहिल्या आणि मग एकदम खुर्ची संगणकाकडे वळवली. जुनी फिल्म लावली, कोणालाच निकाल आठवत नव्हता अशी. आणि तिचा रंग काढून टाकला. सगळाच. पडद्यावर नुसतं काळं, पांढरं आणि करडं उरलं.

ताई, मी लहानपणापासून लोकांना विचारत आलो की तुम्हाला काय दिसतं. त्या दिवशी पहिल्यांदाच दोघी जणी खुर्च्या ओढून बसल्या, मला काय दिसतं ते बघायला. अगदी तसंच नाही गं, पिवळा-निळा मला दिसतो. पण जे महत्त्वाचं, ते तसंच.

फळी उचलली गेली. दोन करडे सरडे. डावा फुगला, उजळला. उजवा फुगला, आणि त्याचं डोकं लख्खकन लागलं. आणि चष्मिष किंचाळली, "उजवा! उजवा जिंकणार!" थोड्या वेळाने डावा गडद झाला, तोंड फिरवून निघून गेला. मॅडमनी दुसरी फिल्म लावली. पुन्हा रंग काढला. आता कॅमेरा सांभाळणारे काकाही येऊन उभे राहिले आणि तेही ओरडायला लागले. तिसरी लावली. मॅडम स्वतः ओरडल्या! आमच्या मॅडम! "अरे, डोकं बघा डोकं!" एकात आम्ही सगळे मिळून चुकलो, तेव्हा काका म्हणाले, हा सरडा लबाड आहे, आणि कोणाचं हसू आवरेना. मी हसत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कोणी विचारलं नाही की का.

मग मॅडमनी खाडकन बंद केलं आणि पुन्हा मॅडम झाल्या. म्हणाल्या, "चार फिल्मवरून टाळ्या वाजवायच्या नाहीत. चमक यंत्राने मोजता येते. फिल्ममध्ये ती पहिल्यापासून होती, मी रंगाच्या मागे लागून ती मोजलीच नाही. आता प्रत्येक फिल्ममधून मोजायची, मग बोलू." माझ्याकडे बोट केलं. "तू कार्डाला हात लावायचा नाहीस. चमक तुझी, रंग हिचा. आणि महिनाभर नाकतोड्यांच्या पेट्या तूच धुवायच्या, पैज जिंकलास तरी."

म्हणजे हाकललं नाही, ताई! हाकललं नाही! कायमचं काय ते यंत्राने मोजून झाल्यावर ठरेल. चष्मिषचं काम समितीपुढे जाणार, थोडं उशिरा, पण जाणार. बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, "माझं चुकलं." ती म्हणाली, "चुकलंच, नाकतोड्या. आता सांग, माझा स्वेटर कुठल्या रंगाचा आहे?" मी म्हणालो, "मळकट." तिने पाठीत धपाटा घातला.

तुझी चौथी ओळ पाकिटातून काढून पुन्हा वाचली. अक्षर तुझंही काही चांगलं नाही.

ठोंब्या

२७ ऑगस्ट

ताईस,

मोठ्ठा नमस्कार, भाऊजींनाही.

मोजून झालं! नियम पक्का निघाला. नेहमीच नाही, पण बहुतेक वेळा ज्याचं डोकं जास्त झटकन उजळतं तोच जिंकतो. मॅडमनी आकडे दोनदा तपासले, तिसऱ्यांदा तपासले आणि मग मला एक कप चहा स्वतः ओतून दिला. पुढच्या वर्षी मी कायम. अभ्यास माझा! शोधनिबंधावर नाव असेल, मॅडमचं, चष्मिषचं आणि मग माझं. आईला सांगितलं. म्हणाली, "बरं बरं. जेवतोस ना वेळेवर?" पण आवाजावरून कळलं, रडत होती.

आता एकच राहिलंय.

मला सगळं कळलंय. स्फटिक कळले, त्यांच्यातली अंतरं कळली, कोणता उजेड कुठून परत फिरतो ते पाठ झालंय, आणि ह्या वेळी पुस्तकाच्या पानाला घड्या न घालता. हेडमास्तर जिंकतात तेव्हा ते आधी का उजळतात, तेही मी समितीपुढे उभा राहून सांगू शकेन. पण ते दिसतात कसे? मी सगळ्यांना विचारलं. मॅडमनी उजेडाच्या लहरींची लांबी सांगितली. चष्मिष म्हणाली टोमॅटोसारखे. मला टोमॅटो आणि त्याचं पान सारखंच दिसतं, हे ती विसरते. काका म्हणाले, "लाल म्हणजे लाल, त्यात काय सांगायचं?"

ह्यातल्या कोणालाच रंग सांगता येत नाही गं. तो मला एकाच माणसाने नीट सांगितलाय.

तू ये. तुला खुर्ची देतो, हेडमास्तरांच्या अगदी समोर. मी फळी उचलेन, ते फुगतील, पेटतील, आणि तू त्यांच्याकडे नीट बघ आणि मला सांग, ही कितवी हाक आहे. माझा अंदाज आहे तिसरी. पण मी तुझ्याकडून ऐकल्याशिवाय मानणार नाही.

गाडीनेच ये. चालवणाऱ्याला सिग्नल दिसत असतील, तो तुला नीट आणेल. कोणत्या गाडीने येतेस तेवढं कळव. आई तिसऱ्यांदा हाक मारतेय असं समजून मी चप्पल न घालता स्टेशनवर पळत येईन.

तुझा,
ठोंब्या